सफरचंद काढले, पिंपाचे काय?

एखाद्या पोलीस दलातला, सैन्यातला किंवा बँकेतला गैरप्रकार चव्हाट्यावर आला की इंग्रजीत एक वाक्य ठरल्यासारखे ऐकू येते. 'अ फ्यू बॅड ॲपल्स', म्हणजे ही तर फक्त काही सडकी सफरचंदे! दोन-चार माणसे वाईट निघाली, त्यांना बाजूला काढू, बाकी सगळे उत्तम आहे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या पत्रकार परिषदांनाही हा सूर परका नाही. तिथे सफरचंदांच्या जागी 'मूठभर अपप्रवृत्ती' येतात आणि त्यांच्यामुळे 'संपूर्ण दलाला बदनाम करू नका' असे बजावले जाते.

या वाक्प्रचाराची पाठराखण तीन प्रकारे होते. पहिला युक्तिवाद भाषेचा: म्हणींचे अर्थ काळानुसार बदलतात, जुना अर्थ उगाळत बसणे हा पंडिती हट्ट आहे. दुसरा न्यायाचा: थोड्यांच्या पापासाठी प्रामाणिक बहुसंख्यांना दोषी धरू नये. तिसरा जबाबदारीचा: गुन्हा माणूस करतो, 'व्यवस्था' करत नाही. तिन्ही युक्तिवाद वरवर सरळ दिसतात आणि तिन्हींत थोडे तथ्यही आहे. म्हणूनच त्यांचा समाचार नीट घ्यायला हवा. माझे म्हणणे असे की आजच्या वापरात हा वाक्प्रचार चौकशीचे दार लावून घेण्याच्या कामी येतो. मूळ म्हण मात्र ते दार ताबडतोब उघडा असे सांगत होती.

आधी मूळ म्हण पाहू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने लिहिलेल्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये आचाऱ्याची एक अर्धवट राहिलेली गोष्ट आहे. लंडनमधल्या एका खाद्यपदार्थ विकणाऱ्याकडे एक उमेदवार नोकर असतो. नाचगाणी, फासे यांचा त्याला नाद, आणि मालकाच्या गल्ल्यात हात घालण्याची सवय. शेवटी मालकाला एक जुनी म्हण आठवते: साठ्यातले कुजके सफरचंद वेळीच काढावे, नाहीतर उरलेलीही कुजतील. तो त्या पोराला हाकलतो, कारण त्याला काळजी असते ती बाकीच्या नोकरांची. पुढे १७३६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या 'पुअर रिचर्ड्स ॲल्मनॅक'मध्ये हाच विचार दिला: कुजके फळ आपल्या सोबत्यांना बिघडवते. शतकानुशतके म्हणीचा सगळा भर या सोबत्यांवर होता. एक सडके दिसले तर बाकीची धोक्यात आहेत, पिंप उपसा, हे तिचे सांगणे.

यामागचे शास्त्रही पक्के आहे. पिकणारे, दुखावलेले सफरचंद इथिलीन नावाचा वायू सोडते. तो शेजारच्या फळांना लागला की तीही लवकर पिकतात, आणि पिकताना स्वतः आणखी इथिलीन सोडतात. साल मऊ पडली, कुठे खरचटले, की बुरशीला वाट मिळते. निळसर बुरशीचे बीजाणू एका फळावरून दुसऱ्यावर जातात. हवा न खेळणाऱ्या, झाकण लावलेल्या पिंपात हे सगळे अधिक वेगाने होते. म्हणजे बिघाड फळात सुरू होतो हे खरे, पण तो पसरतो तो फळे एकमेकांना खेटून, बंद जागेत, कोणी न पाहता पडून राहतात म्हणून.

कोकणात आंब्याची अढी घालणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. भाताच्या पेंढ्यावर आंबे रचायचे, वरून पेंढा पसरायचा आणि दर थोड्या दिवसांनी अढी उघडून फळे चाळायची. देठाशी काळे पडलेले, बोट लावताच दबणारे फळ बाहेर काढायचे. पण काम तिथे संपत नाही. त्या फळाला खेटून असलेली फळे हातात घेऊन उलटसुलट पाहायची, ओला झालेला पेंढा काढून टाकायचा, मग बाकीची पुन्हा रचायची. एक नासका आंबा अढी नासवतो, हे आपली म्हण सांगते ते याच अनुभवातून. नासका आंबा हाती लागल्यावर 'बाकीची अढी उत्तम आहे' असे जाहीर करून पेंढा परत ओढून घेणारा बागायतदार मी तरी पाहिलेला नाही.

मग अर्थ उलटा कसा झाला? त्याचे श्रेय पुष्कळदा ऑस्मंड्स या अमेरिकी भावंडांच्या गाण्याला दिले जाते. एका सडक्या सफरचंदाने सगळा घोस बिघडत नाही, असा दिलासा देणारे हे प्रेमगीत १९७१ च्या सुरुवातीला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. गाण्याने उलटा अर्थ घरोघरी नेला असेल. तळघरात सफरचंदांची पिंपे ठेवणारी पिढी सरून दुकानातून एकेक फळ निवडून आणणारी पिढी आली, याचाही हातभार लागला असेल. पण हा उलटा अर्थ कामाला जुंपला तो पोलीस मुख्यालयांनी, आणि त्याचा लेखी पुरावा आहे.

तो पुरावा म्हणजे नॅप आयोग. न्यूयॉर्कच्या पोलीस दलातला भ्रष्टाचार फ्रँक सर्पिको आणि डेव्हिड डर्क या दोन पोलिसांनी वरिष्ठांना अनेकदा सांगून पाहिला. कोणी दाद दिली नाही. अखेर एप्रिल १९७० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो पहिल्या पानावर छापला आणि महापौर जॉन लिंडसे यांना चौकशी नेमावी लागली. व्हिटमन नॅप यांच्या आयोगाने १९७२ च्या अखेरीस अहवाल दिला. त्यात 'सडक्या सफरचंदाचा सिद्धांत' नाव घेऊन तपासला आहे आणि नाव घेऊनच फेटाळला आहे. भ्रष्ट पोलीस सापडला की त्याला स्वच्छ पिंपातले एकमेव सडके फळ ठरवायचे आणि त्याचा भ्रष्टाचार हे खोलवरच्या रोगाचे लक्षण असू शकते हे कधीच मान्य करायचे नाही, हा तो सिद्धांत. दलाचे मनोधैर्य आणि लोकांतली प्रतिमा टिकावी या नावाखाली तो पाळला जात होता. खऱ्या सुधारणेच्या वाटेतली ही एक मूलभूत आडकाठी आहे, असा आयोगाचा निष्कर्ष.

आयोगासमोर जे आले ते जवळून पाहण्यासारखे आहे. साध्या वेशातल्या पोलिसांची जुगाराच्या अड्ड्यांवरून मासिक वसुली चाले. जमलेली रक्कम ठरलेल्या हिश्शांत वाटली जाई. पथकात नवा माणूस आला की सुमारे दोन महिने त्याला हिस्सा नसे, कारण तो 'विश्वासाचा' आहे की नाही हे तेवढ्यात पारखून घ्यायचे. आणि हे बुडालेले दोन महिने त्याला परत मिळत, कधी, तर तो पथक सोडून बदलून जाई तेव्हा, निरोपाच्या वेळी! उमेदवारीचा काळ, पगार, निवृत्तीची देणी, सगळा हिशेब चोख. याला मूठभरांचा मोह कसे म्हणायचे? ही दलाच्या आत चाललेली दुसरी आस्थापना होती. आयोगाने भ्रष्ट पोलिसांचे दोन वर्गही सांगितले. एक 'मांसाहारी', शिकार शोधत फिरणारे. दुसरे 'गवत खाणारे', वाटेत येईल ते मुकाट घेणारे. आयोगाच्या मते रोगाचे मूळ दुसऱ्या वर्गात होते, कारण त्यांच्या संख्येमुळेच लाच घेणे प्रतिष्ठित ठरत होते आणि न घेणारा परका पडत होता.

परका पडणे म्हणजे काय, हे सर्पिकोच्या अंगावर आले. ३ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रुकलिनमध्ये अमली पदार्थांच्या छाप्यात तो एका दारात अडकला आणि त्याच्या चेहऱ्यावर गोळी झाडली गेली. पोलिसाला गोळी लागल्याचा तातडीचा संदेश सहकाऱ्यांनी दिला नाही. मदतीसाठी फोन केला तो त्याच इमारतीत राहणाऱ्या एका वृद्ध माणसाने. सर्पिको वाचला आणि त्याच वर्षी आयोगासमोर साक्षीला उभा राहिला. सडकी फळे मूठभर आणि पिंप निकोप असते, तर प्रामाणिक पोलीस त्या दलात सर्वांत सुरक्षित असायला हवा होता.

तीस वर्षांनी तेच वाक्य अमेरिकी संरक्षण खात्यातून ऐकू आले. इराकमधल्या अबू घरीब तुरुंगातल्या छळाची छायाचित्रे एप्रिल २००४ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि हे काही मोजक्या सैनिकांचे कृत्य असल्याचे सांगण्यात आले. छायाचित्रांतले चेहरे खरे होते, त्यांचे गुन्हेही खरे होते. पण संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी डिसेंबर २००२ मध्येच ग्वांतानामोतल्या कैद्यांसाठी कपडे उतरवणे, कुत्र्यांची भीती घालणे, वेदनादायक स्थितीत उभे ठेवणे अशा पद्धतींना मंजुरी दिली होती. काही आठवड्यांत ती मागे घेतली गेली, तरी पद्धती अफगाणिस्तान आणि इराकपर्यंत पोहोचल्या. डिसेंबर २००८ मध्ये सिनेटच्या सशस्त्र सेवा समितीने, कार्ल लेव्हिन आणि जॉन मॅकेन या दोन्ही पक्षांच्या नेत्यांच्या उपस्थितीत, निष्कर्ष जाहीर केले. कैद्यांचा छळ हा आपल्या मनाने वागणाऱ्या 'काही सडक्या सफरचंदांचा' उद्योग होता असे म्हणता येणार नाही, हे त्यात स्पष्ट शब्दांत होते. तोवर तुरुंगवास भोगला होता तो खालच्या हुद्द्याच्या सैनिकांनी.

आणि ही छायाचित्रे तपास यंत्रणेकडे देणाऱ्या जोसेफ डार्बीचे काय झाले? त्याला नाव गुप्त राहील असे आश्वासन होते. २००४ च्याच मे महिन्यात काँग्रेससमोरच्या सुनावणीत रम्सफेल्ड यांनी त्याचे नाव घेऊन जाहीर आभार मानले, तेव्हा डार्बी इराकमध्येच, सैनिकांनी भरलेल्या भोजनगृहात जेवत होता आणि समोर दूरचित्रवाणीवर सुनावणी चालू होती. मायदेशी परतल्यावर सुरक्षेच्या कारणाने त्याला आपल्या गावी राहता आले नाही. न्यूयॉर्कमध्ये जे झाले तेच इथेही झाले. जो सांगतो, त्याला पिंप बाहेर टाकते.

तिसरे उदाहरण लंडनचे. मार्च २०२१ मध्ये सारा एव्हरार्ड या तरुणीचे एका सेवेतल्या पोलिसाने अपहरण करून, अत्याचार करून तिचा खून केला. त्या वेळच्या पोलीस आयुक्त क्रेसिडा डिक यांनी दलात अधूनमधून एखादा वाईट निघतो, अशा आशयाचे उद्गार काढले. जानेवारी २०२३ मध्ये, खुनी ज्या शस्त्रधारी पथकात होता त्याच पथकातल्या दुसऱ्या एका पोलिसाने ४९ आरोपांची कबुली दिली, त्यांत बलात्काराचे २४ होते. त्याच्याविरुद्ध आधी आलेल्या तक्रारींवर दल वर्षानुवर्षे स्वस्थ बसले होते. दोन महिन्यांनी दलाच्या तपासणीसाठी नेमलेल्या लुईझ केसी यांचा अहवाल आला. दलात वंशद्वेष, स्त्रीद्वेष आणि समलिंगीद्वेष संस्थात्मक आहेत, असे त्यांनी लिहिले. त्या अहवालातला एक तपशील विसरता येत नाही. बलात्काराच्या तपासातले नमुने ज्या फ्रीजमध्ये ठेवले जात, ते जुने, मोडकळीला आलेले आणि ठासून भरलेले होते. एका फ्रीजमध्ये नमुन्यांसोबत कोणाचा तरी जेवणाचा डबा होता. २०२२ च्या उन्हाळ्यात एक फ्रीज बंद पडला आणि त्यातला पुरावा नष्ट करावा लागला. हे पाप कोणत्या सडक्या सफरचंदाचे? हा फ्रीज एका दुष्ट माणसाने बिघडवला नव्हता. बायकांवरच्या अत्याचाराच्या पुराव्याला त्या दलात किती किंमत होती, ते त्यावरून कळते.

आता तिन्ही युक्तिवादांकडे वळतो. भाषा बदलते हे मला मान्य आहे. म्हणी उलटतात, शब्द वर-खाली होतात, त्याला कोणाची हरकत चालत नाही. पण इथे बदल झाला म्हणून गप्प बसता येत नाही, कारण या बदलाचा फायदा कोणाला होतो हे उघड आहे. 'सडके सफरचंद' हे शब्द ऐकताना कानाला अजूनही जुन्या शहाणपणाचा, अनुभवाचा भास होतो. त्या भासाच्या जोरावर म्हणीने दिलेला इशारा मात्र गाळला जातो. ऐकणाऱ्याला वाटते की दोष मान्य झाला, प्रत्यक्षात दोषाची हद्द आखली गेलेली असते. आणि ही हद्द तपासानंतर आखली जात नाही. घटनेच्या दुसऱ्या दिवशी, एकही कागद पाहण्याआधी, कोणी म्हणाले की दोघेच दोषी आहेत, तर त्याला हे कळले कोठून? इतरांकडे पाहिलेच नाही, तर ते निर्दोष आहेत हे ठरवले कोणी?

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. सरसकट दोषारोप हा अन्यायच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांनी एका निकालात पोलीस दलावर अत्यंत कठोर शेरे मारले. काही मोजके सोडता टोपलीतला प्रत्येक मासा कुजला असताना एकदोन उचलून दाखवण्यात अर्थ नाही, असा त्यांचा सूर होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये हे सरसकट शेरे निकालातून काढून टाकले. पुराव्याशिवाय सगळ्या दलाला गुन्हेगार ठरवता येत नाही, हे तत्त्व मला मान्य आहे. पण पिंप तपासा म्हणणे आणि सगळी फळे सडकी म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुसंख्य पोलीस, सैनिक, कारकून प्रामाणिक असतात असे मी मानतो, आणि माझा मुद्दा त्यांच्यासाठीच आहे. पिंप बंद ठेवण्याची पहिली किंमत सर्पिको आणि डार्बी यांच्यासारखे लोक मोजतात. प्रामाणिक पोलिसाचा कळवळा ज्यांना आहे, त्यांनी त्याने दिलेली तक्रार वरच्या टेबलावर का अडते हे शोधावे. त्याच्या नावाची ढाल करून दाराला कडी घालू नये.

तिसरा युक्तिवाद: माणूस जबाबदार आहे. निःसंशय. अबू घरीबमधल्या एका आरोपी सैनिकाच्या बाजूने मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी साक्ष दिली. परिस्थितीच माणसाला बिघडवते, दोष पिंपाचा, अशी त्यांची मांडणी होती. न्यायालयाने त्या सैनिकाला तरीही ८ वर्षांची शिक्षा दिली, आणि ते योग्यच झाले. पिंपाचा दोष सिद्ध झाल्याने फळाचा दोष पुसला जात नाही. ज्याने हात उगारला त्याला शिक्षा झालीच पाहिजे. मात्र जबाबदारीचे तत्त्व खरोखर मान्य असेल, तर ते शिपायाच्या पायरीवर थांबवता येत नाही. ज्याने परवानगी दिली, ज्याने तक्रार दाबली, ज्याने पूर्वीच्या तक्रारी ठाऊक असताना त्याच माणसाच्या हाती शस्त्र दिले, तेही माणसेच आहेत. 'व्यवस्था' म्हणजे त्यांच्या सह्या असलेली कागदपत्रे.

हे केवळ परदेशातले धडे आहेत असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्राने एकदा पिंप उपसून दाखवले आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने दोघांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष मुक्त केले. मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, हा त्यातला एक आधार होता. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून मुंबई, पुणे, नागपूर, दिल्लीत स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्या दोन पोलिसांचे काय, एवढ्यावर त्यांनी प्रश्न सोडला नाही. ठाण्याच्या चार भिंतींत, रात्री, वर्दीपुढे उभ्या असलेल्या मुलीची 'संमती' कायदा कशी मोजतो, असे त्यांनी विचारले. १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला, आणि अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर 'माझी संमती नव्हती' असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे अशी तरतूद झाली. ते दोघे सुटले ते सुटलेच, पण त्यांना वाचवणारा नियम गेला. 'दोन शिपाई वाईट होते' एवढे म्हणून सगळे घरी गेले असते, तर हे घडले नसते.

म्हणून यापुढे कोणत्याही प्रवक्त्याने सडकी सफरचंदे किंवा मूठभर अपप्रवृत्ती पुढे केल्या की पत्रकारांनी त्याला ते वाक्य पुरे करायला लावावे. या माणसाविरुद्ध आधी किती तक्रारी होत्या आणि त्या कोणाच्या टेबलावर संपल्या? त्याला या जागी नेमण्याच्या आदेशावर सही कोणाची? ज्याने पहिल्यांदा तोंड उघडले तो आज कोठे आहे, त्याच पदावर की दूरच्या बदलीवर? आणि पुढचा असा माणूस सहा महिन्यांत सापडावा म्हणून कोणता नियम बदलला? या प्रश्नांची उत्तरे तयार असतील, तर 'बाकीचे चांगले आहेत' हे वाक्य मी आनंदाने मान्य करीन. ती नसतील, तर खात्याने दोषी शोधलेला नसतो, फक्त शोध कोठे थांबवायचा ते जाहीर केलेले असते. आणि तो तिथे थांबू न देणे हे वाचकांचे, वृत्तपत्रांचे आणि त्या खात्यातल्या प्रत्येक प्रामाणिक माणसाचे काम आहे.